घरचा डबा

पट्टा आला इनारीहून,
रेनडिअरच्या मानेवरून उतरवलेला, केसांसकट.
बक्कलात अडकलेले चार राखाडी केस
हिल्क्कानं चिमट्यानं काढले, बशीत ठेवले,
फेकले नाहीत.

सोबत कळपवाल्या अस्लाकची चिठ्ठी, पेन्सिलीत:
‘रानात मुका होतो.
हातात घेतला की बोलतो.’

बाहेर तीन वाजायच्या आत उजेड आवरून बसला होता.
ओउलूचा नोव्हेंबर दुपार खातो, माहीतच आहे.
मी नवखा. सरळ पन्नास ओहमची केबल घेतली,
टोक टेकवलं सर्किटच्या अगदी नाजूक जागी,
दुसरं अ‍ॅनलायझरच्या तोंडात.
पडद्यावर सपाट गवत,
नुसती खसखस.
‘मेलाय,’ मी म्हणालो.

हिल्क्का हसली नाही.
‘तू प्यायलास त्याला.
वाटीत घोटभर होतं. तू चव बघायला गेलास
नि वाटी चाटूनपुसून परत दिलीस.
आता म्हणतोस, रिकामी होती.’

मग खणातून काळी पेटी निघाली,
स्पंजाच्या खाचेत निजलेला अ‍ॅक्टिव्ह प्रोब,
टोक डासाच्या सोंडेएवढं.
त्या टोकापाशीच इवलासा अ‍ॅम्प्लिफायर बसलेला:
कुजबुज तिथल्या तिथं ऐकतो,
ज्याची ऐकली त्याला पत्ता लागू देत नाही,
आणि लांब केबलभर ती मोठ्यानं सांगत येतो.

‘पण दुसऱ्याच्या ताटातलं जो घेत नाही,’ ती म्हणाली,
‘त्याला डबा घरून आणावा लागतो.’

जुन्या अ‍ॅनलायझरला तोंडाशेजारीच
तीन टाचण्यांचं एक भोक होतं, प्रोबला जेवू घालायला.
नव्याला ते नाही.
नवा देखणा आहे, पडदा बोटानं सरकतो,
पण पाहुण्याला पाणी विचारत नाही.

कपाटात, कडा उडालेल्या कॉफीच्या मगांमागे
रेइयोची खोकी होती.
रेइयो गेला त्या वर्षी, ज्या वर्षी अर्धा मजला रिकामा झाला.
झाकणावर चिकटपट्टी, त्याच्या तिरक्या अक्षरात:
अधिक पंधरा. उणे साडेबारा, जरा वर.
बटण दाबलं. हिरवा दिवा
क्षणभर विचार करून लागला.

‘स्वेटर काढ. लोकरीत वीज असते.
मनगटाला पट्टी बांध.
जमिनीची तार आखूड, अजून आखूड,
लांब तार गावभराचं ऐकत बसते.
आणि हा प्रोब दहाचं एक करून सांगतो,
वीस डेसिबल मिळवून वाच.’

टेकवलं.
आठशे अडुसष्ट मेगाहर्ट्झवर
गवतातून एक सुळका उभा राहिला,
शांत, एकटा.
मेलेला नव्हता.

‘आता रानात नेऊ,’ म्हणत तिनं खिडकी उघडली.
उणे अकराची हवा टेबलावर आली.
सुळका थरथरला, डावीकडे सरकला,
शेजारी दुसरा, खोटा, डोकं काढून गेला,
आणि दोन्ही बसले. गवत.

हिल्क्का वाकली, बोर्डावर हलकेच फुंकर घातली,
काच पुसताना घालतात तशी.
सुळका परत आला.

भिंगाखाली मग दिसली ती:
क्रिस्टलच्या पायाशी, डाखात,
केसाएवढी फट,
थंडीत उघडणारी, उबेत मिटणारी.
मी अहवाल उघडला, ‘दोष’ या रकान्यापाशी अडलो.
तापमान, वारंवारता, किती डेसिबल,
सगळं होतं माझ्याकडे.
तिनं कीबोर्ड ओढून घेतला नि लिहिलं:
रानात मुका होतो. हातात घेतला की बोलतो.
खाली, मोजणाऱ्याच्या नावाच्या जागी, अस्लाक.

‘उठताना आधी टोक उचल,’ ती म्हणाली,
‘मग डबा बंद कर.’
मी उलटं केलं.
ती काही बोलली नाही. बशीतले केस
चिठ्ठीच्या घडीत घालत होती, एकेक,
परत पाठवायला.